आरए (पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचे माप) सारखाच, तरी एकाच शाफ्टवरून तेल का झिरपते?

प्रश्न (जळगाव)
नमस्कार. आमच्या लहान कारखान्यात जिनिंग यंत्रांच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट तयार होतात. दोन शाफ्टवर सीलच्या जागी आरए ०.४ मायक्रोमीटर आला आणि ऑइल सीलही एकाच बनावटीचे बसवले. तरी एक कोरडा राहिला आणि दुसऱ्यावरून तेल झिरपू लागले. कोरडा शाफ्ट ग्राइंडिंग करून तसाच सोडला होता, झिरपणाऱ्यावर मात्र नंतर लेथवर एमरी पेपर फिरवला होता. कापसाचा हंगाम सुरू झाला की यंत्र उघडता येत नाही. आरएखेरीज काय मोजावे?

उत्तर (धुळे)
आरए ही मध्यरेषेपासूनच्या उंच-सखलपणाची केवळ सरासरी असते. सरी-वरंब्याची उंची सारखी असेल, तर सऱ्या दोन फुटांवर काढल्या काय किंवा चार फुटांवर, आरए तोच येईल. पाणी कुठे वाहणार हे मात्र सऱ्यांची दिशा ठरवते. लगतच्या उंचवट्यांमधील सरासरी अंतर आरएसएम या मापाने कळते आणि टर्निंग केलेल्या पृष्ठभागावर ते साधारणपणे फीडइतके, म्हणजे एका फेरीत हत्यार जेवढे पुढे सरकते तेवढे येते. ते ०.१३ ते ०.४ मिलिमीटर असेल तर कटऑफ (मापनातून लांब लहरी गाळण्याची मर्यादा) ०.८ मिलिमीटर ठेवावा, त्याहून बारीक, म्हणजे ०.०४ ते ०.१३ असेल तर ०.२५. आपल्या शाफ्टवर पेपर लांबीच्या दिशेने सरकवत फिरवला असेल, तर मळसूत्री ओरखडे उमटले असणार, आणि शाफ्ट एका दिशेने फिरताना तेच तेल बाहेर ढकलतात.

उत्तर (भुसावळ)
वरील निदान मला पटते, पण आरएसएम एका रेषेवरच मोजला जातो, त्यामुळे ओरखड्यांचा तिरपेपणा त्यात दिसत नाही. आयएसओ २५१७८ या मानकातील एसटीआर हे क्षेत्रीय माप पोत किती एकदिश आहे हे ० ते १ या पट्टीवर सांगते (० म्हणजे पूर्ण एकदिश) आणि एसटीडी त्याची दिशा सांगते. आपल्या प्रश्नाला तेही अपुरे पडेल असे माझे मत आहे, कारण दोन्ही शाफ्टवर एसटीआर शून्याजवळच येईल, आणि ०.०५ अंशाचा तिरपेपणा १ मिलिमीटरच्या चौकटीत १ मायक्रोमीटरहूनही कमी सरकतो. त्यापेक्षा दोऱ्याची जुनी चाचणी करा. शाफ्ट लेथवर समतल धरून त्याला पातळ तेल लावा, मेण नसलेल्या बारीक दोऱ्याचे एक टोक स्थिर आधाराला बांधून तो शाफ्टवरून सोडा, दुसऱ्या टोकाला सुमारे ३० ग्रॅम वजन लावा आणि मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरवा. दिशा उलटवल्यावर दोराही उलट सरकला, तर मळसूत्र आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला, तर शाफ्ट निमुळता आहे किंवा समतल धरलेला नाही.

जळगाव
भाऊ, आपण दोघांनी फार मोलाची मदत केली. झिरपणाऱ्या शाफ्टवर दोरा सीलच्या बाहेरच्या बाजूला सरकला आणि दिशा उलटवताच मागे आला. कोरड्या शाफ्टवर तो जागीच राहिला. आता सीलची जागा चाक आडवे न सरकवता, सरळ आत नेऊन ग्राइंड करणार आहोत, शेवटी ठिणग्या थांबेपर्यंत चाक तसेच ठेवणार आहोत, आणि एमरी पेपर त्या जागेला लावणार नाही.