सेजब्रशचे डोंगर ‘ओसाड’ म्हणणाऱ्यांसाठी

कुरणप्रेमी
परवा इथे एकांनी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बॉयसी ते सन व्हॅली प्रवासाचे फोटो टाकून लिहिलं, “मैलोन्‌मैल ओसाड डोंगर, राखाडी खुरटी झुडपं. एवढा श्रीमंत देश, झाडं का लावत नाहीत? सगळं गाईंनी खाल्लंय.” त्याखाली वाहवा वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

त्या राखाडी झुडपाखालची, म्हणजे सेजब्रशखालची, माती एकदा उकरून बघा. आयडाहोत उंचावर, जिथे वर्षाला ३५०-४०० मिमी पाऊस-बर्फ मिळतं, तिथे सेजब्रशखाली काळसर, भुसभुशीत माती लागते. हजारो वर्षं गवताच्या मुळ्या कुजून ती तयार झाली. उन्हाळा जवळपास कोरडा जातो, त्यामुळे सगळी भिस्त बर्फावर. वाऱ्याने उडणारं बर्फ हे झुडूप अडवतं, ते तिथेच वितळून मुरतं. रात्री त्याची खोल मुळं खालचं पाणी वरच्या कोरड्या थरात आणून सोडतात. यूटामध्ये १९८७ साली हे मोजून दाखवलं गेलं.

आणि झाडं? ती नको तिथे आलीच आहेत. आगी विझवत राहिले, आग पसरवणारं गवत गुरांनी संपवलं, म्हणून जुनिपर हे सदाहरित झाड माळावर चढलं. नैऋत्य आयडाहोतल्या ओवायही डोंगरांत ते आता सरकारी खर्चाने कापतात, कारण जुनिपर विरळ जरी आले तरी सेज ग्राउस पक्षी तो माळ सोडतो.

बॉयसीनिवासी
जुनिपरचं पटलं. पण गाईंना सोडून दिलंत! मी इथे राहतो, दर उन्हाळ्यात तुडवलेले ओढे बघतो. काठची विलो गेली, पाणी मातकट, बाजूला शेण. सरकारी कुरणांवरच्या चराईला आवर घालणाऱ्या १९३४ च्या टेलर कायद्याआधी चराईला धरबंध नव्हता, आणि आजही सरकारी जमिनीवर चराईचा दर मातीमोल. २०१९ ते २०२५ गाय-वासराच्या जोडीला महिन्याला १.३५ डॉलर, इतकी वर्षं तोच होता. चीटग्रास हे परकं गवत कुणामुळे पसरलं? गाई हटवा, डोंगर आपोआप सावरेल.

कुरणप्रेमी
आपोआप? चीटग्रास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं आणि बेसुमार चराईने त्याला वाट दिली, हे खरं. पण आता गाई काढल्याने ते जात नाही. शरदात उगवतं, जूनमध्ये वाळतं, पेटतं. सेजब्रश जळलं की मुळापासून फुटत नाही, बीही झुडपाच्या आसपासच पडतं. २०१५ च्या ‘सोडा’ नावाच्या वणव्यात सुमारे २.८ लाख एकर गेले. मात्र हे खालच्या, गरम उतारांचं दुखणं. वर थंडी नि ओल असते. तिथे मूळचे गवताचे ठोंब शाबूत असतील तर चीटग्रासला शिरकाव मिळत नाही. खालचा नियम वर लावू नका.

मेंढका_सातारी
“हटवा” वाचून डोकं फिरलं. आमचे आजोबा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा कळप नि बिऱ्हाड, घेऊन कोकणापर्यंत जायचे. परतीच्या वाटेवरचा आमचा माळ पवन्या-मारवेल गवताने भरलेला असायचा. मग वृक्षारोपण आलं. समतल चर खणले, वरची माती खाली गेली, ग्लिरिसिडियाची झाडं लावली. शेळी-मेंढीसुद्धा त्यांना धड तोंड लावत नाही. चराईबंदीचा फलक मात्र पहिल्या दिवसापासून. सन व्हॅलीच्या खोऱ्यात दर ऑक्टोबरला मेंढ्यांचा उत्सव करतात, गावातून कळप नेतात. तिथे पूर्वी स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून आलेले बास्क मेंढपाळ होते, आता पेरूहून माणसं आणतात. आमच्या कळपांच्या नशिबी दंडाच्या पावत्या.

अहिल्यानगरची_लेक
दादा, धागा आयडाहोचा आहे. आणि चराईबंदीला सरसकट शिव्या नकोत. हिवरे बाजारला चराईबंदी, कुऱ्हाडबंदीनंतरच डोंगर हिरवे झाले, चारा वाढला. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

मेंढका_सातारी
ताई, तिथे गवत कापून न्यायला मुभा होती. ज्याची जनावरं दावणीला, त्याला ते जमतं. फिरत्या कळपाने विळा कुठे चालवायचा? तुमचा डोंगर हिरवा झाला, आमची वाट बंद झाली. हे एकदा तरी मान्य करा!

अहिल्यानगरची_लेक
वाट बंद झाली, मान्य. म्हणून माळ उघडा ठेवायचा हे अमान्य. दुष्काळात टँकरमागे तुम्ही धावला नाहीत, आम्ही धावलो.

मेंढका_सातारी
आम्ही दुष्काळात घरच सोडतो, ताई.

कुरणप्रेमी
दोघंही जरा थांबा. मुद्दा एकच आहे: गवताळ जमिनीला पडीक म्हटलं की त्यावर काहीही लादता येतं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आणि माळढोकाला उघडा माळच लागतो. सेज ग्राउसचंही तेच.

बॉयसीनिवासी
माळढोकावरून परत गाईंकडे येऊ. तुमच्या ठोंबांचं काय? ब्लूबंच हे इथलं मूळचं गवत पोटरीत (कणीस बाहेर यायच्या आधी) असताना चरलं की त्याचा शेंडाच जातो, ठोंब दोन-तीन वर्षं मान वर काढत नाही. आणि इथे नेमकी मे-जूनमध्ये गुरं सोडतात.

कुरणप्रेमी
बरोबर, म्हणूनच वेळ बदला. दरवर्षी त्याच कुरणात त्याच महिन्यात सोडू नका. एक वर्ष पोटरी उलटून बी पडल्यावर, पुढच्या वर्षी पूर्ण विश्रांती. गाई हटवायची गरज नाही.

बॉयसीनिवासी
वरच्या उतारांपुरतं चालेल, तेही कुणी काटेकोर पाळलं तर. ओढ्याच्या काठाला मात्र कुंपण हवंच. त्यावर मी हटणार नाही.

मेंढका_सातारी
घाला कुंपण, पण पाण्यावर जायला कळपाला एक वाट ठेवा.

कुरणप्रेमी
आणि तारांवर खुणेच्या पट्ट्या लावा. ग्राउस पहाटे जमिनीलगत उडतात, तारेवर आपटून मरतात.