आउटबोर्डचा क्लेम 'झीज' म्हणून अर्धा कापलाय, पुढे काय करू?

दोन_सिलिंडर:
जरा मदत हवीये. दीड महिन्यापूर्वी बोट चालवताना पाण्याखाली काहीतरी लागलं, ओंडका असावा, दिसला नाही, नुसता दणका बसला आणि आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेली मोटर) उसळून वर आली. पंख्याचं एक पातं वाकलं, खालचं स्केग (पंख्याखालचा पात्यासारखा भाग) तुटलं. लगेच इंजिन बंद केलं, दुसऱ्या बोटीने ओढत आणलं, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी कंपनीला ईमेल टाकला. सर्वेयर (नुकसान तपासणारा) नवव्या दिवशी आला आणि दहा मिनिटांत गेला. नंतर मेकॅनिकने गिअर ऑइल काढलं तर दुधाळ, म्हणजे आत पाणी गेलेलं, आणि खोललं तर बेअरिंगला गंज. आता कंपनी म्हणते पंखा आणि स्केग देतो पण आतलं सगळं 'झीज' आहे ते पॉलिसीत बसत नाही. वर जे देणार त्यातूनही घसारा कापणार म्हणे, मोटर ६ वर्षांची आहे. हप्ता मात्र दरवर्षी न चुकता पूर्ण घेतात. भांडायचं की गप्प बसायचं?

ग्रीसचे_हात:
मी मोटरीच दुरुस्त करतो त्यामुळे एक सरळ विचारतो, पंख्याचा शाफ्ट डायल गेज (वाक मोजायचं साधन) लावून तपासला का? सगळं त्याच्यावर आहे. शाफ्ट वाकला असेल तर तो फिरताना हलतो, सील (पाणी आत येऊ न देणारी कडी) एका बाजूने दाबलं जातं आणि पाणी आत शिरतं. मग पाणी हा दणक्याचाच परिणाम झाला, झीज कुठून आली? पण शाफ्ट सरळ निघाला आणि पंख्याच्या मागे मासेमारीची तंगूस गुंडाळलेली सापडली तर सील तंगुसाने कापलंय, ते मेंटेनन्समध्ये जातं आणि तिथे कंपनी बरोबर आहे, उगाच ताणू नका.

दुसरं म्हणजे गंज. पाणी मिसळलेलं ऑइल दीड महिना आत ठेवलं तर बेअरिंग जाणारच हो. दणका बसल्यावर त्याच आठवड्यात ऑइल काढून नवीन भरायचं होतं, जुनं बाटलीत भरून तारीख टाकून ठेवायचं. सर्वेयर यायच्या आधी मोटर खोलू नका असं सगळे सांगतात ते खरं, पण ड्रेन स्क्रू काढणं म्हणजे खोलणं नाही. आणि अख्खी मोटर पाण्यात बुडाली असेल तर सर्वेयरची वाट बघत बसूच नका, गोड्या पाण्याने धुवून, प्लग काढून, सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढून आत तेल मारायचं, आणि हे काही तासांत, कारण हवा लागली की गंज धरायला वेळ लागत नाही. फक्त आधी फोटो आणि दोन ओळींचा ईमेल, की नुकसान वाढू नये म्हणून हे करतोय.

काठावरचा_सर्वेयर:
निवृत्त झालोय म्हणून मोकळेपणाने लिहितो. वरच्यांचं तंत्र बरोबर आहे, मी कागदाचं सांगतो.

ही 'झीज' कंपनीने काल शोधून काढलेली नाही. १९०६च्या ब्रिटिश मरीन इन्शुरन्स अ‍ॅक्टच्या कलम ५५मध्ये साधी झीज वगळलीये, आणि तिथेच असंही आहे की यंत्राला झालेली इजा सागरी धोक्यामुळे थेट झालेली नसेल तर विमेदार जबाबदार नाही, पॉलिसीत वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्याही आधी १८८७मध्ये 'इंचमारी' नावाच्या जहाजाचा खटला गाजला होता. पंप चालू असताना पाण्याची वाट बंद राहिली, दाब वाढून पंपाचा भाग फुटला, मालक म्हणाले समुद्रातच झालं ना, तर हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की हा समुद्राचा धोका नव्हे, असा पंप जमिनीवरही फुटला असता. मग जहाजमालकांनी यंत्राच्या अशा नुकसानासाठी पॉलिसीत वेगळं कलम घालून घेतलं, ते आजही इंचमारी क्लॉज म्हणून ओळखलं जातं. तुमच्या पॉलिसीत 'लेटंट डिफेक्ट' (लपलेला दोष) किंवा 'यंत्रसामग्रीचं नुकसान' असं काही आहे का बघा, पण तुम्हाला त्याची गरज पडू नये कारण तुमच्याकडे सरळ सरळ धडक आहे.

आता मेकॅनिकचं बिल काढा आणि त्यात काय लिहिलंय ते वाचा. मी कितीतरी क्लेम एका वाक्यावर मेलेले बघितलेत. 'सील खराब, बदललं' एवढंच लिहिलं की मी सर्वेयर म्हणून काय समजणार? खराब म्हणजे जुनं. 'धडकेने शाफ्ट वाकला, त्यामुळे सील गळलं' असं लिहायला तेवढीच शाई लागते, अर्थात ते खरं असेल आणि मोजमाप जोडलेलं असेल तरच, खोटं लिहून घेऊ नका, पकडलं जातं आणि मग उरलेलंही जातं.

कंपनीला लिहून विचारा की कुठल्या कलमाखाली नाकारताय आणि सर्वे रिपोर्टची प्रत द्या. फोनवर नाही, लेखी. सर्वेयर आला तेव्हा गिअर हाउसिंग उघडलं नव्हतं, म्हणजे हे नंतर सापडलेलं नुकसान आहे, त्यासाठी पुन्हा तपासणी मागा.

ओहोटी:
मी दोन वर्षं भांडून थकलेय म्हणून उलटं सांगते. घसाऱ्यावर डोकं फोडू नका. 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' (किंमत आधीच ठरवलेली) पॉलिसी असली तरी आउटबोर्ड मोटर, शीड, कॅनव्हास यांना बऱ्याचदा वेगळा घसाऱ्याचा तक्ता असतो, मला ते क्लेम केल्यावर कळलं. नव्याच्या बदल्यात जुन्याची वजावट ही तर लाकडी जहाजांच्या काळापासून आहे, तेव्हा एक तृतीयांश कापायचे म्हणे. हां, घसारा पार्टवर लावतात, मजुरीवर लावलाय का ते बघा, माझ्याकडे मजुरीवरही लावला होता, विचारल्यावर निमूट काढला.

काठावरचा_सर्वेयर:
@ओहोटी मजुरीचं बरोबर पकडलंत, पण आधी तक्ता वाचावा, काही ठिकाणी मजुरीसकट लिहिलेलं असतं.

दोन_सिलिंडर:
सगळ्यांचे आभार, आणि आता शिव्या खायला तयार आहे. बिल काढलं, त्यात खरंच 'सील खराब, बदललं' एवढंच लिहिलंय 🤦 मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला शाफ्ट हाताने फिरवून बघितला होता, किंचित डुलत होता, गेज लावला नाही. तंगूस नव्हती असं म्हणतो. शाफ्ट अजून त्याच्याकडेच आहे पण जुनं सील आणि पंखा त्याने भंगाराच्या ढिगात टाकलेत.

ग्रीसचे_हात:
मग इथे काय टाइप करताय, भंगारवाला यायच्या आत जा आणि उचलून आणा. पंखा तर आधी, वाकलेलं पातं हाच तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. सीलची कड एकाच बाजूने घासलीये का बघा आणि उजेडात जवळून फोटो काढा. शाफ्ट दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गेजवर मोजून घ्या, आकडा लेखी घ्या, कंपनीने मागितलेला नसला तरी.

दोन_सिलिंडर:
निघालो. पंखा मिळाला तर फोटो टाकतो.