समुद्र आपला, मग सेलिंगची पदकं भोपाळच्या तलावाची का?

देवबागकर :
हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३मध्ये नेहा ठाकूरने सेलिंगमध्ये, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत, आयएलसीए-४ या एकटीने चालवायच्या छोट्या होडीच्या प्रकारात रौप्य जिंकलं. मुलगी देवासची, तयार झाली भोपाळच्या मोठ्या तलावात. त्याआधी २०१८ला जकार्तात हर्षिता तोमरला कांस्य, तीही भोपाळच्याच अकादमीची. आणि सकाळच्या मतलईवर बाहेर पडून दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येणाऱ्या आपल्या गाबित मच्छीमारांचं एक पोर त्या रांगेत नाही! माझं मत स्पष्ट आहे : मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत सरकारने सेलिंगची शाळा काढावी. मुलांची ऑप्टिमिस्ट होडी जेमतेम पावणेआठ फुटांची, एकच शीड, सुकाणू पोराच्याच हातात. नवव्या-दहाव्या वर्षी सुरुवात झाली पाहिजे.

रापणकार :
शाळेक आमचो विरोध नाय. पण शाळेमागसून स्पर्धा येतली, स्पर्धेमागसून जेटी आणि हॉटेला. शर्यतीच्या खुणेचे तरंगते बोये टाकून पाणी अडवलास तर दांडीच्या किनाऱ्यार रापण, म्हणजे किनाऱ्यावरसून ओढूचा मोठा जाळा, ओढतत त्येंनी खय जावचा? १९८२च्या एशियाडची सेलिंग शर्यत मुंबयत झाली. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया, दोघांनी फायरबॉल प्रकारात सुवर्ण मिळवल्यानी. त्या पदकाचा मालवणच्या पोरांका काय गावला?

वाऱ्यावरचा :
दोघांचंही पटत नाही. दर्याची जाण वेगळी, शर्यत वेगळी. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, ज्याचे कमी तो वर. सुरुवातीआधी पाच मिनिटं भोंगे आणि झेंडे चालू असतात, सगळ्या होड्या रेषेमागे घिरट्या घालतात. वेळेआधी नाक पुढे गेलं की मागे फिरून पुन्हा निघायचं. बोया वाऱ्याच्या तोंडाशी, म्हणजे सरळ जाताच येत नाही; नागमोडी जायचं, आणि वळण चुकीच्या जागी घेतलं की पाठच्या होड्या पुढे. हे अंगात भिनायला रोजचा सराव आणि कान पकडणारा प्रशिक्षक लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे होडी कोण बाहेर काढणार? सेलिंगपटू विष्णू सरवणन लष्करातला, मुंबईच्या लष्करी सेलिंग केंद्रात घडला. पैसा खर्चायचा तर अशा तयार केंद्रांवर खर्चा, मुलं तिकडे पाठवा.

देवबागकर :
दहा वर्षांचं पोर मुंबईला कोण पाठवणार? आपल्याकडच्या आया तर मुळीच नाही. भोपाळच्या पाण्यावर पोरं घडतात, मग खाडीत का नाही? पावसाचे तीन महिने गेले तरी नऊ उरतात. आणि रापणकारदादा, मी आंतरराष्ट्रीय स्पर्धा मागतच नाहीये. शाळेच्या होड्यांना किनाऱ्यावर एक पडवी पुरे.

रापणकार :
पडवी म्हणतास, ता कागदार येवंदेत. रापणीच्या वक्ताक होडये पाण्यात नाय, आणि गाबितांच्या पोरांका फी नाय. शिकवणाऱ्यांत गावचो एक तांडेल, होडयेचो म्होरक्यो, होयो. इतक्या लिवन दिलास तर ग्रामसभेत मी हात वर करतलंय.

वाऱ्यावरचा :
आणि शर्यतीचा प्रशिक्षक? त्याचा पगार कोण देणार, हे अजून कुणीच सांगितलेलं नाही.