मदत हवी आहे: प्लग-इन हायब्रीड एवढं पेट्रोल का खातेय?

स्टुटगार्टकर: गाडी पेट्रोलवरही चालते आणि प्लगने चार्ज केलेल्या बॅटरीवरही. माहितीपत्रकात १०० किमीला १.३ लिटर, मला पडतंय ७.८. सर्व्हिसवाले म्हणतात गाडी ठीक आहे. सोमवारी परत नेतोय, काय तपासायला सांगू? जरा लवकर.

पाणपोई: गाडी कुठली, बॅटरी केवढी, रोजचं अंतर किती, चार्ज कुठे करता? काहीतरी सांगा की!

कोथरूडकर: आमची टोयोटा हायरायडर हायब्रीड झकास ॲव्हरेज देते. चार्जिंगची कटकटच नाही. तीच घ्या.

पाणपोई: अहो, तिला प्लगच नसतो. आणि ते जर्मनीत आहेत.

स्टुटगार्टकर: कंपनीची गाडी आहे, बॅटरी १९ युनिटची. ऑफिसला जाऊन-येऊन ९० किमी, बहुतेक ऑटोबान, म्हणजे इथला महामार्ग. फ्लॅटमध्ये चार्जर नाही, म्हणून जाताना चार्ज मोड लावतो, बॅटरी बरीच भरते. म्हणजे चार्जिंगचा प्रश्न नाही. पेट्रोलचं बोला.

नेकरकाठची मावशी: अरे, पेट्रोल तिथेच जातंय! इंजिनाने बॅटरी भरायची म्हणजे पेट्रोल जाळून वीज करायची, आणि भरताना-वापरताना दोन्हीकडे घट सोसायची. तो मोड आधी बंद कर. ऑटोबानवर होल्ड मोड, म्हणजे बॅटरी राखून ठेवायची, आणि शहरात वीज. आणि रात्री साध्या प्लगपॉइंटला लाव, ९ तासांत भरेल.

किलोवॉट: बाहेर कशाला चार्ज करायचं? युनिट ५९ सेंट, १०० किमीला २२ युनिट, म्हणजे १३ युरो. पेट्रोल ७ लिटर, १.७५ ने १२.२५. पेट्रोलच स्वस्त.

मावशी: बाहेर कोण म्हणालं? घरी ३५ सेंटने ७.७० होतात.

गणपतराव: युरोपीय आयोगाचा २०२४ चा अहवाल बघा. या गाड्यांचं रस्त्यावरचं उत्सर्जन कागदावरच्या सरासरी साडेतीनपट. कंपनी पेट्रोल कार्ड देते, वीजबिल देत नाही, मग केबल डिकीतच राहते. वर कंपनीच्या गाडीवरचा कर मोजताना महिन्याला किमतीच्या एक टक्क्याऐवजी अर्धाच टक्का धरतात! चीड येते.

पाणपोई: कराचा वेगळा धागा काढा, प्लीज.

स्टुटगार्टकर: तळघरातल्या पार्किंगमध्ये एक प्लगपॉइंट आहे, पण सामाईक मीटरवर. मालक नाही म्हणाला तर?

मावशी: डिसेंबर २०२० पासून भाडेकरूला चार्जर बसवायची परवानगी मागायचा हक्क आहे, खर्च आपला. लेखी माग. तोवर सामाईक पॉइंट विचारल्याशिवाय वापरू नकोस, आणि एक्स्टेन्शन वायर तर अजिबात नाही. रात्रभर १० अँपियर ओढले की ती तापते.