इलिनॉयचं आरएन लायसन्स, टेक्सासला बिऱ्हाड, ॲरिझोनाचं ट्रॅव्हल काँट्रॅक्ट: मदत हवी आहे

बी.एस्सी. नर्सिंग महाराष्ट्रातून केलंय, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे. एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) इलिनॉयमधून दिली, आरएन (नोंदणीकृत नर्स) लायसन्स तिथलंच. ग्रीन कार्ड आहे. दोन महिन्यांत आम्ही टेक्सासला राहायला जातोय. ट्रॅव्हल नर्सिंग एजन्सीचा रिक्रूटर ॲरिझोनाचं १३ आठवड्यांचं काँट्रॅक्ट देतोय, त्यानंतर कॅलिफोर्नियाचं. तो म्हणतो, "टेक्सास कॉम्पॅक्टमध्ये (राज्याराज्यांमधल्या नर्सिंग लायसन्सच्या करारात) आहे, नव्या राज्यात ६० दिवस मिळतात, तोवर जुन्या लायसन्सवर काम करा." हे बरोबर आहे का? आणि टेक्सासला चुलत दीर राहतात, त्यांचा पत्ता घालून आत्ताच अर्ज केला तर चालेल का?

प्रतिसाद १

चूक आहे, आणि या सल्ल्यावर ॲरिझोनात एक शिफ्ट जरी केलीत तरी ते विनालायसन्स काम ठरेल. कृपया सही करू नका.

६० दिवसांचा नियम २ जानेवारी २०२४ पासून आहे, पण तो कुणासाठी? जिच्याकडे एका कॉम्पॅक्ट राज्याचं मल्टिस्टेट (करारातल्या सगळ्या राज्यांत चालणारं) लायसन्स आहे आणि जी दुसऱ्या कॉम्पॅक्ट राज्यात राहायला जाते, तिनं ६० दिवसांत नव्या राज्यात अर्ज करायचा. इलिनॉय करारात नाही. तुमचं लायसन्स एका राज्यापुरतं आहे, ते ना टेक्सासात चालतं ना ॲरिझोनात.

मल्टिस्टेट लायसन्स कुठून मिळणार हे तुमचं कायमचं बिऱ्हाड कुठे आहे त्यावर ठरतं. एनक्लेक्स कुठून दिली, एजन्सीचं ऑफिस कुठे आहे, याचा संबंध नाही. बिऱ्हाडाचा पुरावा म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, फेडरल टॅक्स रिटर्नवरचा पत्ता, डब्ल्यू-२ (नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारा पगार आणि कराचा फॉर्म). (मतदार नोंदणीही चालते, पण ती नागरिकांसाठी, ग्रीन कार्डवर तो रस्ता नाही.) दिरांचा पत्ता घालून आपण तिथे राहतो असं लिहून देणं हे खोटं निवेदन आहे. त्यावरून कारवाई झाली तर ती कायम नोंदीत राहते. खरोखर राहायला गेलात की टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स पहिल्या आठवड्यातच करून घ्या. नव्या रहिवाशांना त्यासाठी ९० दिवस असतात, पण तुम्हाला तेवढं थांबणं परवडणार नाही.

प्रतिसाद २

क्रम असा ठेवा. टेक्सासच्या नर्सिंग बोर्डाकडे एंडोर्समेंटचा (दुसऱ्या राज्यातल्या लायसन्सच्या आधारे लायसन्स मिळवण्याचा) अर्ज, त्यात प्राथमिक रहिवास टेक्सास. बोर्डाची मेल आली की त्यातल्या सूचनेप्रमाणे फिंगरप्रिंट. दुसऱ्या नोकरीसाठी आधी दिलेले ठसे चालत नाहीत. टेक्सासच्या नर्सिंग कायद्याची वेगळी ऑनलाइन परीक्षा आहे, ती अर्जासोबतच उरकून टाका. पुष्कळ अर्ज तेवढ्यासाठी अडून राहतात.

जुन्या लायसन्सची पडताळणी: जी बोर्डं नर्सिस (लायसन्स पडताळणीची ऑनलाइन यंत्रणा) मार्फत पडताळणी देतात त्यांच्यासाठी एका बोर्डाच्या एका लायसन्सला ३० डॉलर. बाकीच्यांकडून ती थेट मागवावी लागते. नर्सिसवर लायसन्सची स्थिती फुकट दाखवणाऱ्या क्विककन्फर्मचा कागद एंडोर्समेंटला चालत नाही. आणि पैसे फार आधी भरू नका. विकत घेतलेली पडताळणी नव्या बोर्डाला ९० दिवसच दिसते.

तात्पुरता परवाना मिळाला तर तो टेक्सासपुरता धरा. ॲरिझोनाची तारीख पक्की करायच्या आधी क्विककन्फर्मवर नावापुढे "मल्टिस्टेट" शब्द दिसतो का ते स्वतः बघा.

प्रतिसाद ३

परदेशात शिकलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. मल्टिस्टेटच्या अटींत शिक्षणाची मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी आहे, इंग्रजीची परीक्षाही आहे. "आमचं कॉलेज इंग्रजी माध्यमाचं होतं" एवढ्यावर भागेल असं समजू नका, कारण अटीत मातृभाषेचाही उल्लेख आहे. व्हिसास्क्रीनच्या (परदेशी नर्सच्या व्हिसासाठी होणाऱ्या तपासणीच्या) वेळचा इंग्रजीचा स्कोअर चालेल का ते अर्जाआधी बोर्डाकडून लेखी विचारून घ्या.

खरा वेळ नावात जातो. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, वडिलांच्या जागी नवऱ्याचं. तिकडच्या माणसाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. अर्जात "पूर्वीची नावं" हा रकाना रिकामा सोडू नका. माहेरचं नाव मार्कशीटवर आहे त्याच क्रमाने लिहा आणि लग्नाच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण मागे पडलं असेल तर तेही आधी करा. कॉलेज आणि कौन्सिलचे कागद तपासणी संस्थेकडे थेट जावे लागतात, तुमच्या हातून गेलेले धरत नाहीत.

धागाकर्ती

खूप आभार. ॲरिझोनाला तारीख पुढे ढकलायला सांगितलं. कॅलिफोर्नियाचं कसं? आणि इलिनॉयचं लायसन्स सोडून द्यायचं का?

प्रतिसाद २

कॅलिफोर्निया करारात नाही, तिथे मल्टिस्टेटचा उपयोग शून्य. वेगळा अर्ज करावा लागेल आणि तो आजच सुरू करा. लाइव्ह स्कॅन (डिजिटल पद्धतीने ठसे घेणं) फक्त कॅलिफोर्नियात होतो. बाहेरून अर्ज करणाऱ्याला शाईच्या ठशांची कार्डं पाठवावी लागतात, आणि ठसे पुसट आले की कार्ड परत. हाताला लोशन न लावता, अनुभवी माणसाकडून घ्या. सहा महिन्यांचा तात्पुरता परवाना मागता येतो, त्याचं शुल्क वेगळं.

परदेशी पदवीला तिथला बोर्ड थिअरी आणि क्लिनिकल एकाच काळात झालं का हे विषयवार बघतो: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसोपचार. थिअरी एका वर्षी आणि वॉर्डची ड्युटी पुढच्या वर्षी असं दिसलं तर तो विषय अपुरा धरला जातो. त्यामुळे कॉलेजला फक्त एकूण तास लिहू देऊ नका. प्रत्येक विषयाच्या थिअरीच्या आणि पोस्टिंगच्या तारखा फॉर्मवर भरून घ्या.

प्रतिसाद १

इलिनॉयचं ठेवा. ते राज्य करारात नसल्यामुळे टेक्सासच्या मल्टिस्टेटसोबत ठेवता येतं, आणि परत तिथे काम मिळालं तर सगळी कागदपत्रं नव्याने करावी लागत नाहीत. आरएनची मुदत सम वर्षाच्या ३१ मेला संपते, त्याआधी २० तासांचं सातत्य शिक्षण पूर्ण हवं. सर्टिफिकेटं एका फोल्डरमध्ये ठेवा.

काँट्रॅक्टमध्ये मात्र एक ओळ घालून घ्याच: रुजू होण्याची तारीख लायसन्स प्रत्यक्ष मिळाल्यावर ठरेल, आणि ते उशिरा आलं तर दंड किंवा घरभाड्याची वसुली होणार नाही. रिक्रूटरने फोनवर "हो" म्हटलं तरी ते कागदावर आल्याशिवाय सही नको.