मदत हवी आहे: पुण्यात थंडीत सकाळी फिरायला किती वाजता जावं? ॲप आणि घरचा सेन्सर जुळत नाहीत

गल्लीबोळ (धागाकर्ता)

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत ज्येष्ठांचा बारा जणांचा गट आहे. रोज सकाळी ६ ते ७ चालतात. दोघांना दमा आहे, म्हणून हवेचे आकडे बघायला घेतले आणि गोंधळ वाढला. डिसेंबरच्या एका दिवसाची पीएम २.५ ची (हवेतल्या अतिबारीक कणांची) नोंद, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर:

सकाळी ६:३० – १४० (आर्द्रता ८८%)
सकाळी ९ – १५०
दुपारी ३ – ३५ (आर्द्रता ३५%)
रात्री १० – ११०

पीएमचे आकडे देणारा सेन्सर पीएमएस५००३, सोबत तापमान-आर्द्रतेसाठी बीएमई२८०. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, मोबाइल चार्जरवर, तीन मीटरची वायर. त्याच दिवशी समीर या सरकारी ॲपवर एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) १३१ आणि दुसऱ्या एका परदेशी ॲपवर १६४.

१. खरं कोणाचं धरायचं?
२. वेळ बदलावी का? बदलली तर किती वाजता?
३. नदीकाठ बरा की टेकडी?
४. जी वेळ ठरेल ती एप्रिल-मेमध्ये चालेल का?

---

दवबिंदू

आधी दोन ॲपचं भांडण मिटवतो, कारण ते भांडणच नाही. एक्यूआय म्हणजे मायक्रोग्रॅम नव्हे, ती गुणपत्रिका आहे, आणि दोन बोर्डांची गुणपद्धत वेगळी. पीएम २.५ ची सरासरी ७० धरा. भारतीय पद्धतीत ६० ला १०० गुण आणि ९० ला २०० गुण, म्हणून ७० चे १३३ होतात. अमेरिकी तक्त्यात ५५.५ ते १२५.४ ही पट्टी १५१ ते २०० मध्ये बसवली आहे, तिथे त्याच ७० चे १६१ होतात. तुमचे दोन्ही आकडे जवळपास एकाच हवेचे आहेत.

महत्त्वाचं पुढे आहे. आपला एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर काढतात. त्यात पहाटेचा धूर आणि दुपारची स्वच्छ हवा एकाच पातेल्यात ढवळलेली असते. "आज बाहेर जाऊ का" याला तो थोडाफार उपयोगी, "किती वाजता जाऊ" याला अजिबात नाही. शिवाय तो आकडा कधीकधी पीएम १० मुळे, म्हणजे धुळीमुळे, चढलेला असतो. ॲपमध्ये मुख्य प्रदूषक कोणता लिहिलाय तेही बघत जा.

तासाचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. तुम्हाला कर्वे रोड आणि पाषाण ही केंद्रं जवळची. दोन्हींचे आठ दिवसांचे तासवार आकडे उतरवा आणि शेजारी शेजारी ठेवा. कर्वे रोडचं केंद्र रहदारीला लागून, त्यामुळे तुमच्या आतल्या गल्लीपेक्षा ते जास्त दाखवण्याचीच शक्यता.

---

सोल्डरिंग_आजोबा

सेन्सरबद्दल. १४० वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पीएमएस५००३ कण मोजत नाही, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो. आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सर ते पाणीही धूर म्हणून हिशोबात धरतो. सरकारी केंद्रातल्या, बीटा किरणांनी कण मोजणाऱ्या यंत्रात आत येणारी हवा आधी तापवून कोरडी करतात. आपल्या स्वस्त पेटीत ती सोय नाही.

याच सेन्सरच्या पेट्यांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने वापरलेलं सूत्र असं: ०.५२४ गुणिले सेन्सरचा आकडा, वजा ०.०८६२ गुणिले आर्द्रता, अधिक ५.७५. त्यात सेन्सरच्या नोंदीतल्या 'सीएफ=१' रकान्यातला आकडा घालायचा. आर्द्रता पेटीतल्या बीएमईचीच घालायची, हवामान खात्याची नाही, कारण सूत्र तसंच बसवलंय.

तुमचे ६:३० चे १४० उतरून साधारण ७१ होतात, दुपारचे ३५ होतात २१. म्हणजे चौपट फरक होता तो साडेतीनपटीच्या आत आला, पण गेला नाही. पहाटेची हवा खरोखरच वाईट आहे. सूत्र तिकडच्या हवेवर बसवलेलं, आपल्याकडे कचरा जाळल्याचा धूर आणि रस्त्याची धूळ वेगळी, त्यामुळे दशांशावर भांडू नका. या सेन्सरचा पीएम १० चा रकाना तर सरळ सोडून द्या, जाड धूळ त्याला नीट दिसतच नाही.

आता जोडणी तपासा:
- तीन मीटरची बारीक वायर म्हणजे व्होल्टेज पडणार. मल्टिमीटर सेन्सरच्या टोकाला लावा, चार्जरच्या नाही. ५ व्होल्टच्या बरंच खाली असेल तर पंखा हळू फिरतो आणि आकडे भलतेच येतात. वायर जाड आणि आखूड घ्या.
- हवा आत घेणारं भोक आणि पंखा सेन्सरच्या एकाच बाजूला असतात. पेटीत दोघांमध्ये फोमची भिंत नसेल तर बाहेर टाकलेलीच हवा परत आत ओढली जाते.
- भोकाचं तोंड खाली किंवा बाजूला ठेवा, वर नको. कोळी आत जाळं विणतो. आकडा दिवसभर एका जागी खिळला की आधी तेच बघा.
- स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, देवघराची खिडकी आणि डासांची कॉइल यांपासून दूर. रोज संध्याकाळी बरोबर सातला टोक दिसत असेल तर ती उदबत्ती आहे, पुण्याची हवा नव्हे.

जमल्यास तीन-चार दिवस सेन्सर सरकारी केंद्राच्या शक्य तितक्या जवळ, ओळखीच्या कुणाच्या गॅलरीत ठेवा आणि तासाच्या सरासऱ्या जुळवा. मिनिटामिनिटाचे आकडे जुळवत बसलात तर वेड लागेल.

---

प्रभातफेरी

इतका विचार कशाला? पहाटेची हवा शुद्धच असते, ऑक्सिजन जास्त असतो. आमची पिढी पाचला उठूनच चालली.

---

दवबिंदू

@प्रभातफेरी, ऑक्सिजन पहाटे पाचलाही २०.९ टक्के आणि दुपारी तीनलाही तेवढाच. पहाटे हवा थंड लागते म्हणून ताजी वाटते. उघड्या माळावर ती असेलही ताजी. शहरात डिसेंबरमध्ये नाही.

---

वातकुक्कुट

वेळेच्या प्रश्नावर येतो, खरी गोम इथे आहे.

निरभ्र रात्री जमीन उष्णता आकाशात टाकून गार होते आणि तिला चिकटलेली हवाही गार होते. वरची हवा मात्र तुलनेने उबदार राहते. गार हवा जड, ती वर जात नाही. याला इन्व्हर्जन म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं. पहाटे हे झाकण शंभर-दोनशे मीटरवर असतं, दुपारी हवा दीड हजार मीटरपर्यंत सहज घुसळली जाते. नुसत्या उंचीनेच धुराला दहापट जागा मिळते.

त्यात वारा धरा. मिश्रणाची उंची (हवा जिथवर घुसळली जाते ती) गुणिले वाऱ्याचा वेग याला वायुवीजन निर्देशांक म्हणतात. पहाटे १५० मीटर गुणिले सेकंदाला १ मीटर, म्हणजे १५०. दुपारी १५०० गुणिले ४, म्हणजे ६०००. हवामान खातं दिल्लीसाठी जी पत्रकं काढतं त्यात ६००० च्या खाली निर्देशांक आणि ताशी १० किलोमीटरच्या खाली वारा असेल तर धूर पांगायला प्रतिकूल धरतात. आपली पहाट त्या रेषेच्या कुठल्या कुठे खाली असते.

तुमचा ९ चा आकडा ६:३० पेक्षा जास्त आहे, हेही बिघाडाचं लक्षण नाही. सूर्य आला की झाकण खालून वर विरघळत जातं आणि रात्रभर वर आडवा साठलेला धूर घुसळून परत नाकाशी येतो. त्याच वेळी ऑफिसची गर्दी आणि कोरडी झाडलोट. "सूर्य उगवला, आता चला" हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्योदय सातच्या आसपास, आणि हवा मोकळी व्हायला साधारण दहा वाजतात.

माझा कौल: नोव्हेंबर ते जानेवारी सकाळी १० ते ११:३०, नाहीतर दुपारी ४ ते ५:३०. सूर्यास्त सहाच्या सुमारास असतो, तो झाला की झाकण पुन्हा बसायला लागतं आणि वर संध्याकाळची रहदारी. सातला जेवणाआधीचा फेरफटका ही सगळ्यात फसवी वेळ.

रोज ठरवायला यंत्र लागत नाही. वॉचमनच्या शेकोटीचा धूर बघा. दोन मजले वर जाऊन चादरीसारखा आडवा पसरला आणि तिथेच थांबला, तर झाकण पक्कं आहे. वळसे घेत फाटत वर गेला, तर निघा. दुसरी खूण म्हणजे कमाल आणि किमान तापमानातला फरक. ३० आणि १२ असा १५ अंशांहून जास्त फरक असेल तर रात्र निरभ्र होती, इन्व्हर्जन धरून चाला. रात्री ढग आले की पहाट उबदार होते आणि धूर कमी कोंडतो. पावसाच्या शिंतोड्यांवर मात्र भरवसा नको. जाड धूळ बसते, बारीक कणांना भुरभुर पावसाने फारसा फरक पडत नाही.

---

गल्लीबोळ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. वायर मोजली, सेन्सरच्या टोकाला ४.६ व्होल्ट आहेत. बदलतो. दहाची वेळ आठ जणांना चालेल, चौघांना नातवंडांच्या शाळेमुळे सकाळी सहालाच जमतं. त्यांच्यासाठी नदीकाठ की टेकडी? आणि मास्क?

---

वातकुक्कुट

नदीकाठ नको. गार हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि मुठेच्या पात्राकडे जमा होते. धुकं तिथे आधी दिसतं ते याच कारणाने, आणि धूरही तिथेच मुरतो. पाषाण, एनडीएचं किमान तापमान मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्कपेक्षा कायम खाली का असतं, त्यातही हा उताराचा भाग आहे.

वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटर, शहर ५६० च्या आसपास. झाकण पक्कं असलेल्या दिवशी माथ्यावर आपण त्याच्या वर असतो. खाली पाहिलं की करड्या थराची कड सरळ रेषेत दिसते. पण पायथ्याचा चढ धापा टाकत चढलात तर सगळ्यात वाईट हवेतच सगळ्यात जास्त श्वास घेतला जातो. बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, भरभर चालताना ती तिपटीच्या घरात जाते. तेव्हा वाहनाने वरपर्यंत जा आणि माथ्याच्या सपाटीवर चाला. ते जमत नसेल तर सोसायटीच्या आत, मुख्य रस्त्यापासून दीड-दोनशे मीटर आत, सावकाश.

---

सोल्डरिंग_आजोबा

मास्क घ्यायचा तर एन९५, नाकाची पट्टी दाबून, दाढीवर नाही. कापडी किंवा सर्जिकल मास्कच्या कडेने बारीक कण सरळ आत जातात. दम्याच्या दोघांनी मात्र मास्क लावून चढ चढू नये, आणि गार हवेत निघण्याआधी पंप घ्यायचा का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारावं. गार कोरडी हवाच त्यांना धाप लावू शकते, धूर असो नसो.

---

दादरकर

मुंबईत पण दहा वाजताच का?

---

दवबिंदू

मुंबईचं घड्याळ समुद्राच्या हातात. थंडीत रात्रभर आणि सकाळी जमिनीकडून, ईशान्य-पूर्वेकडून वारा येतो आणि सगळं शहरावरून पश्चिमेला नेतो. दुपारच्या सुमारास तो फिरतो आणि समुद्राची हवा आत येते. दादरला झेंडा किंवा नारळाच्या झावळ्या पश्चिमेच्या वाऱ्याने हलू लागल्या की निघा. मार्चमध्ये हा बदल उशिरा झाला तर पारा चढतो तो वेगळाच.

चौथा प्रश्न राहिला. एप्रिल-मेमध्ये पुण्याचं वेळापत्रक उलटं करा. झाकण लवकर उघडतं, धुराचा त्रास कमी, पण ऊन आणि ओझोन दुपारी १ ते ४ मध्ये टोकाला. ओझोन दम्याला वाईट आणि तो मास्कने अडत नाही. तेव्हा सकाळी ६ ते ७:३० बरी, किंवा पश्चिमेचा वारा सुटल्यावर संध्याकाळी साडेसहानंतर.

मुंबईकरांनी उन्हाळ्यात नुसता पारा बघू नये. पुण्यात ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्याचं तापमान साधारण २१ येतं. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्क्यांना साडेसत्तावीस. घाम वाळतो की नुसता ओघळतो ते या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. साध्या थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून पंख्यासमोर पाच मिनिटं धरलं की तो घरीही मिळतो. पुण्याच्या कोरड्या उन्हात उलटा धोका: घाम दिसतच नाही, म्हणून पाणी प्यायचं राहून जातं.

---

गल्लीबोळ (धागाकर्ता)

जाड वायर टाकली, आता ४.९५. उद्यापासून शेकोटीवर लक्ष. आठ दिवसांचे तासवार आकडे इथेच टाकतो, दोन्ही रकाने, कच्चे आणि सूत्राने काढलेले.