मदत हवी आहे: अंगणातला वाळलेला पाम कसा काढावा?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात प्रतापनगर भागात राहतो. अंगणात बाबांनी लावलेला रॉयल पाम आहे, अंदाजे तीस फूट उंच. यंदाच्या उन्हाळ्यात त्याचा मधला कोवळा कोंब सडला, ओढला तसा हातात आला, आणि मग एकेक झावळी गळत गेली. पामला वाढीचा शेंडा एकच असतो, तो गेला की झाड परत फुटत नाही, हे माळीकाकांनी सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं. खोडाला भोकं आहेत, म्हणजे सोंड्या भुंगा असावा असं ते म्हणाले.

आता काळजी अशी की झाड शेजारच्यांच्या टिनाच्या शेडकडे कललंय आणि वरून विजेची तार जाते. पावसाळी वादळाच्या आत काढायलाच हवं. बुंध्यातून एकदम पाडायला जागाच नाही. वरून दोर बांधून तुकडे करत उतरवणारा अनुभवी माणूस कुणाच्या माहितीत आहे का? वाळक्या खोडावर कुणी चढावं असं मला वाटत नाही, म्हणून शिडीची गाडी भाड्याने मिळत असेल तर तेही सांगा. तार बंद करायला महावितरणकडे अर्ज किती दिवस आधी दिला होता?

१९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार मेलेल्या झाडालाही परवानगी लागते, म्हणून मनपाच्या उद्यान विभागात अर्ज करतेय. सोबत फोटो, घरटॅक्स पावती जोडलीय. आणखी काय मागतात?

बुंधा खणून काढू की तिथेच कुजू देऊ? बाजूलाच आईचं तुळशीवृंदावन आहे, त्याला धक्का लागायला नको.